एका कोटातले तेवीस कॅप्टन

आमच्या शहरातून तेवीस कॅप्टन लढाईवर गेले आणि तेवीसच्या तेवीस जणांच्या कोटाचं तिसरं बटण तुटलेलं होतं. सरकारला याचा उलगडा व्हायला चार वर्षं लागली. सरकारचं काय चुकलं म्हणा. माणसाला समोरूनच बघायची सवय लागली की त्याची पाठ कशी आहे हे कळायला वेळ लागतोच.

कोट माझ्या मामाच्या फोटो स्टुडिओतला. एक फिरती सर्कस डबघाईला आली तेव्हा तिच्या बँडमास्तराने तो मामाच्या गळ्यात मारला होता. लाल भडक कापड, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन ओळी. मामाने त्याची पाठ वरपासून खालपर्यंत उसवली आणि दोन्ही बाजूंना फिती शिवल्या. रेड्यासारखा माणूस आला की फिती सैल सोडायच्या, काडी पैलवान आला की आवळायच्या. समोरून प्रत्येकाला तो मापाने शिवल्यासारखा बसायचा. मागून पाठ उघडी ती उघडीच, पण पाठीचा फोटो काढायला कोण येतंय?

मी तिथे रिटचिंगचं काम करायचे. फोटोची काच उतरत्या पाटावर ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने माणूस दुरुस्त करायचा. चेहऱ्यावरचे खड्डे बुजवायचे, मिटलेले डोळे उघडायचे, दोन हनुवट्यांची एक करायची. या शहरातले निम्मे लोक माझ्या पेन्सिलीने देखणे झाले आणि आभार मात्र एकानेही मानले नाहीत, कारण आपण मुळातच असे आहोत अशी प्रत्येकाची खात्री होती. मला सगळे पेन्सिलच म्हणायचे. हे नाव दादाने ठेवलेलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर तो माळी होता आणि त्याचे कान सुपासारखे होते.

लढाई लागली ती आमच्यापासून दोन समुद्र पलीकडे. कुठल्या तरी दोन चुलत राजांचं आपसात बिनसलं. आमच्या गल्लीत चुलत्यांचं बिनसलं तर मोरीचं पाणी तोडतात, फार तर भिंत घालतात. यांनी जग पेटवून दिलं. मग आमच्या राजाच्या लक्षात आलं की आपल्याकडे इतके मुलूख आहेत, इतकी माणसं आहेत, ती नुसती बसून काय करतात?

मोठे साहेब, म्हणजे या मुलखावर राजाने बसवलेला अंमलदार, पोस्टासमोरच्या मैदानात खुर्चीवर उभे राहिले आणि आमची भाषा मोडूनतोडून बोलले. ही लढाई आमचीच नाही, तुमचीही आहे, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी विचारलं, की मग जिंकल्यावर अर्धं मिळणार का? लोक हसले. तो आवाज दादाचा होता. घरी आल्यावर आईने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणत ती संध्याकाळभर भांडी आपटत होती.

साहेबांना हा प्रश्न कुणाचा ते कळलंही नसेल. पण त्यांना लोकांपुढे उदाहरण घालून द्यायचं होतं, म्हणून त्यांनी दोन माणसं दिली, स्वतःचा मुलगा आणि स्वतःचा माळी. मुलगा ऑफिसर म्हणून गेला. माळ्याचं नाव मजुरांच्या तुकडीत गेलं. मजुरांना बंदूक नाही, गणवेश नाही. एक कांबळं, एक पिशवी आणि गळ्यात नंबराचा पितळी बिल्ला. जहाजं उतरवायची, खंदक खणायचे, मेलेली माणसं उचलायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं हे आम्ही नुसतं म्हणतो, आमच्या पोरांनी ते दोन समुद्र ओलांडून केलं.

जाण्याआधी जो तो फोटो काढायला यायचा. पहिला आला धोब्याचा मुलगा. त्याने खुंटीवरचा कोट पाहिला आणि घालू का म्हणून विचारलं. मामा म्हणाला, घाल की, तुझ्या आईला बरं वाटेल. त्यानंतर आलेल्या एकानेही स्वतःच्या सदऱ्यात फोटो काढून घेतला नाही. फोटो कमरेपर्यंतच काढायचा, कारण खाली प्रत्येकाच्या स्वतःच्याच धुवट पायजम्याचं राज्य होतं.

तेवढ्यात काचा संपल्या. फोटोच्या तयार काचा राजाच्या देशातून यायच्या आणि आता तिकडची जहाजं तोफगोळे वाहत होती. साखर गेली, रॉकेल गेलं, सुया गेल्या, तशा काचाही गेल्या. पण मामाच्या म्हाताऱ्या उस्तादाने त्याला एक जुनी पद्धत शिकवून ठेवली होती. जुन्या काचेवरचं चित्र तेजाबात धुऊन काढायचं, त्यावर नवं औषध ओतायचं, चांदीच्या पाण्यात बुडवायचं आणि काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा. फळीवर सोळा वर्षांच्या जुन्या काचा होत्या. मामाने आमच्या लोकांच्या काचांना हात लावला नाही. साहेब लोकांच्या धुतल्या. त्यांच्या मेजवान्या, त्यांनी मारलेली जनावरं, त्यांच्या बायकांच्या टोप्या, सगळं मोरीतून वाहून गेलं. मी विचारलं तर म्हणाला, त्यांना फोटोंची काय कमी? धुवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

या पद्धतीत एकच खोट होती. काच घाईत धुतली तर जुनं चित्र पूर्ण जात नाही. नव्या माणसाच्या मागे जुनं माणूस पुसट उभं राहतं. गवंड्याच्या मुलाच्या कमरेशी असंच एका साहेबाचं कुत्रं जीभ काढून बसलेलं निघालं. मी ते कागदावरच्या प्रतीवर पेन्सिलीने झाकलं आणि तिथे फुलदाणी काढली.

दादा सकाळी आला. दुपारी त्याची गाडी होती. नखांत बंगल्याच्या बागेतली माती होती. फिती बांधताना त्याच्या पाठीला माझे हात लागले आणि मला रडू फुटलं, म्हणून मी मोरीत गेले आणि हाताला लागेल ती काच घेऊन धुवायला लागले. डोळ्यांत पाणी, हातात तेजाब. काय धुतलं आणि किती धुतलं याचा मला पत्ता नव्हता.

"पेन्सिल, माझे कान जरा लहान कर," तो कॅमेऱ्यासमोर बसल्या बसल्या म्हणाला.

"नाही करणार. हरवलास तर ओळखायला लागतील."

मी हे चेष्टेत म्हटलं. इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य माझ्या तोंडातून गेलेलं नाही.

तो गेल्यावर मी काच उजेडात धरली. दादाच्या डाव्या खांद्यामागे साहेबांचा मुलगा उभा होता. पंधरा वर्षांचा असताना त्याचा फोटो काढला होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. खुर्ची धुऊन गेली होती, मुलगा राहिला होता, आणि त्याचा हात नेमका दादाच्या खांद्यावर पडला होता. या दोघांचं तसं जमायचंही. तो लहान असताना बागेत येऊन दादाच्या मागेमागे फिरायचा. दादाने त्याला आपल्या शिव्या शिकवल्या होत्या आणि त्याने दादाला त्यांच्या. मी मामाला काच दाखवली. मामाचा चेहरा कागदासारखा झाला. साहेबांच्या मुलाची काच धुतली हे कळलं तर स्टुडिओला टाळं लागलं असतं. कुणाला बोलू नकोस, एवढंच तो म्हणाला. मी घरच्या प्रतीवर त्या मुलाच्या जागी पडदा काढला, चांगल्या चार चुण्यांचा. काच कपाटात सगळ्यात मागे ठेवली.

आठ महिन्यांनी बंगल्यावर तार आली. साहेबांचा मुलगा लढाईत पडला. साहेबांच्या मॅडमने सामान बांधलं आणि ती तिच्या देशाला गेली. ती सुखरूप पोचली, पण तिच्या पेट्या दुसऱ्या जहाजावर होत्या आणि ते जहाज शत्रूने बुडवलं. पेट्यांत मुलाचे सगळे फोटो होते. साहेब एकटेच आमच्या स्टुडिओत आले. टोपी हातात घेऊन त्यांनी मामाला विचारलं, त्याची काच असेल ना? मामा म्हणाला, फुटली. साहेब टोपी डोक्यावर ठेवून गेले. मी कपाटाला पाठ लावून उभी होते. मला वाईट वाटलं नाही. दादाचं शेवटचं पत्र येऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि आमच्या घरी तार पाठवायला कुणी रिकामं नव्हतं.

लढाई संपली. आम्ही जिंकलो, असं सांगण्यात आलं. तेवीसपैकी नऊ जण परत आले आणि त्यांत दादा नव्हता. एक म्हणाला, त्याची तुकडी दुसऱ्या बंदरावर हलवली होती. दुसरा म्हणाला, तिथे ताप होता. कचेरीत विचारलं तर त्यांनी रजिस्टर पाहून सांगितलं की या नंबराचा मजूर मेल्याची नोंद नाही. मग जिवंत असेल? तर तशीही नोंद नाही. म्हणजे दादा सरकारी हिशेबाने ना मेला ना जगला, मध्येच कुठेतरी लटकून राहिला.

सरकारने जागा मोकळी सोडली की गल्ली ती भरून काढते. दादा तिकडे पळून गेला, त्याने बाई ठेवली, मजेत आहे, म्हाताऱ्या आईला विसरला, अशी बोलणी सुरू झाली. माझी आई सुईण. या गल्लीतली निम्मी तोंडं तिने त्यांच्या आयांच्याही आधी पाहिलेली. आणि तीच तोंडं आता तिच्या पाठीमागे हे बोलत होती. ती भिंतीवरचा दादाचा फोटो दिवसातून दहा वेळा पुसायची, आणि तो तसाही पुसट होतच चालला होता. लढाई लागल्यापासून औषध भेसळीचंच येत होतं. प्रती वर्षभरात पिवळ्या पडायच्या. आधी झालर गेली, मग बटणं, मग गाल. चार वर्षांत मी तिला तीन प्रती काढून दिल्या. काच होती म्हणून दादाला तोंड होतं.

अशात दवंडी पिटली गेली. पोस्टासमोरच्या मैदानात सरकार स्मारकाचा दगड उभा करणार आणि त्यावर लढाईत कामी आलेल्यांची नावं कोरणार. अट एकच, माणूस गणवेशातला हवा. मजूर धरले जाणार नाहीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमचीच आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की तिचं राज्य फार मोठं आहे.

आईने मात्र एवढंच ऐकलं की नावं कोरणार. दगडावर नाव आलं की गल्लीची तोंडं बंद. पोरगा पळाला नाही, गेला, हे चारचौघांत लिहिलेलं राहील. तिने भिंतीवरचा फोटो काढला, पदराखाली धरला आणि कचेरीत जाऊन हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. हा बघा गणवेश. हेडक्लार्कला सगळे टाचणी म्हणायचे, कारण तो बारीक होता आणि त्याचं डोकं तेवढं मोठं होतं. टाचणीने फोटो ठेवून घेतला. दुपारपर्यंत आणखी बावीस घरांतून बावीस फोटो आले. जे परत आले होते त्यांचेही आले, कारण फुकटचं नाव कोण सोडतो?

टाचणीने सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि त्याला घाम फुटला. त्यांच्या सैन्यात आमच्या माणसाला हवालदाराच्या वर कुणी चढू देत नसे. आणि इथे झालर लावलेले तेवीस कॅप्टन एकाच गल्लीबोळातून निघाले होते. इतके कॅप्टन खरोखर असते तर लढाई दुपारच्या जेवणाआधीच आटोपली असती. मग त्याची नजर तिसऱ्या बटणावर गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला साहेब टाचणीला घेऊन जिना चढले. आई माझ्याजवळच होती, नावाचं काय झालं ते विचारायला आलेली. साहेबांनी खुंटीवरचा कोट उतरवला आणि उलटा केला. उसवलेल्या पाठीतून त्यांचा हात आरपार आला. ते हसतील अशी माझी फार इच्छा होती. हसले असते तर कदाचित सगळंच हलकं झालं असतं. ते हसले नाहीत. ही राजाच्या गणवेशाची विटंबना आहे, असं ते म्हणाले. तो सर्कशीचा गणवेश आहे हे सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण मामाने डोळे वटारले.

मग त्यांनी हुकूम सोडला. सगळ्या काचा बाहेर काढा आणि माझ्यासमोर प्रती काढा. पोरीच्या रंगरंगोटीशिवाय. पुरावा म्हणून त्या वरच्या कचेरीत जातील.

मी कपाट उघडलं. बावीस काचा काढल्या आणि मागची तेविसावी हातात घेतली. मामा साहेबांच्या पाठीमागे उभा होता. त्याने मला बोटांनी खूण केली, सोड. खाली फरशी होती. दोन बोटं सैल केली असती तर स्टुडिओ वाचला असता. मी काचेकडे पाहिलं. उलट्या उजेडात दादा काळा दिसत होता, कान पांढऱ्या भिंतीवर सुपासारखे. माझी बोटं सैल होईनात. मी ती काच बाकीच्यांवर ठेवली.

प्रती आम्ही गच्चीवर काढायचो. चौकटीत काच, तिला टेकून कागद, आणि वर ऊन. साहेब गच्चीवरच एका पालथ्या टबवर बसून राहिले. टाचणी त्यांच्यावर छत्री धरून उभा. चौकटी एकेक करून उघडत गेल्या. धोब्याचा मुलगा, कॅप्टन. न्हाव्याचा मुलगा, कॅप्टन. गवंड्याचा मुलगा, कॅप्टन, सोबत कुत्रं. साहेब कुत्र्याकडे बघत राहिले. ओळखीचं असावं. मामाने खाली मान घातली.

मग मी दादाची चौकट उघडली. कागद अजून जांभळटच होता. साहेबांनी हातात घेतला. आधी त्यांनी कोट पाहिला, मग बटण पाहिलं, मग त्यांची नजर डाव्या खांद्याकडे गेली.

टाचणीची छत्री कलली आणि ऊन साहेबांच्या डोक्यावर आलं, तरी त्यांना कळलं नाही. त्यांनी बोटाने कागदावरच्या त्या पुसट हाताला स्पर्श केला. काच फुटली नव्हती तर, असं ते म्हणाले, पण रागाने नाही. मला पहिल्यांदा त्यांचं वाईट वाटलं आणि वाटलं याचा रागही आला.

त्यांनी मामाला विचारलं, हा मुलगा पूर्ण वर काढता येईल का? मामा इतका घाबरला होता की खरं बोलला. काच जहाल औषधात बुडवली तर पुसट चित्र वर येतं, पण मग पुढचं चित्र भाजतं. पुढे बसलेल्याचा नुसता पांढरा डाग उरेल. आणि एकदा केलं की माघारी येत नाही.

साहेब उठले, चौकटीतली काच त्यांनी उचलून हातात घेतली. ते आईकडे वळले, आणि हे सगळं त्यांनी टाचणीमार्फत न सांगता स्वतः सांगितलं. ही काच मला द्या, याला मागचा मुलगा वर काढू द्या. बदल्यात तुमच्या मुलाचं नाव दगडावर येईल. मजूर होता हे मी विसरेन. कोटाचं प्रकरणही इथेच मिटेल.

मामाने सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी आईकडे पाहिलं. चार वर्षं ती या एका गोष्टीसाठी झुरत होती. नाव आलं असतं तर ती गल्लीतून मान वर करून चालली असती, आणि दादाचं तोंड मात्र भिंतीवर अजून वर्षभर टिकलं असतं, मग पिवळं पडून गेलं असतं. मी आयुष्यभर काचेवर लोकांना पुसत आणि उठवत आले, पण हे माझ्या पेन्सिलीच्या बाहेरचं होतं.

आईने पदर सारखा केला.

"नाव घालणार म्हणता. कोणतं घालणार?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीने काखेतली यादी काढली, पानं उलटली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. त्याने वाचलं ते इतक्या हळू की आईने त्याला पुन्हा वाचायला लावलं.

"माळी, बंगला. नग एक."

खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं. सहा वर्षं साहेब रोज सकाळी बागेत फिरायला जायचे आणि दादा पाण्याची झारी खाली ठेवून उभा राहायचा.

"दगड राहू द्या," आई म्हणाली. "मला वाचता येत नाही. तोंड तेवढं येतं."

काच साहेबांच्या हातात होती. राज्य त्यांचं, पोलीस त्यांचे, आणि म्हटलं तर ती काचही त्यांचीच, कारण आधी तिच्यावर त्यांचाच मुलगा होता. ते जिना उतरून गेले असते तर त्यांना कुणी अडवलं असतं? आईने हातही पुढे केला नाही. ती मला म्हणाली, त्यांना एक प्रत पक्की करून दे, आहे तशी, काही झाकू नकोस. मग ती साहेबांकडे वळली.

"तुमचाही आहेच की त्यात. बघा ना, हात कुठे ठेवलाय त्याने."

साहेबांनी पाहिलं. मग त्यांनी काच माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी दिली.

मी खाली जाऊन प्रत औषधातून काढली, वाळवली आणि वर आणली. आईने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःजवळच धरून ठेवली. साहेबांनी हात पुढे केला तरी तिने दिली नाही. तिने दादाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि आता तुम्ही म्हणा, असं म्हणाली. टाचणीच्या हातून छत्रीच पडली. साहेबांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अर्धं नाव गिळलं. आईने मान हलवली. दुसऱ्यांदा ते एखाद्या कडू औषधाचं नाव घ्यावं तसं निघालं. तिने पुन्हा सांगितलं, बाळंतिणीला सांगते तसं, सावकाश, ताण देऊन. तिसऱ्यांदा ते बरंच जवळ आलं.

"चालेल," असं म्हणून आईने त्यांना फोटो दिला.

त्यानंतर मी आईजवळ खाली बसले आणि रडले. ती रडली नाही. ती कोटाला तिसरं बटण का लावत नाही म्हणून मामाला विचारत होती.

दगड उभा राहिला. त्यावर अकरा नावं कोरली होती, सगळी त्यांच्या लोकांची, साहेबांच्या मुलाचं सगळ्यात वर. आणि खाली बारीक अक्षरांत, व इतर. आमचे चौदा जण त्या दोन शब्दांत दाटीवाटीने बसले, जहाजात बसले असतील तसेच. कोटाचं प्रकरण पुढे कुणी काढलं नाही. गल्ली बोलायची ती बोलतच राहिली. पुढे तिला दुसरे विषय मिळाले.

साहेबांची प्रत वर्षभरात पिवळी पडली. भेसळीच्या औषधाला साहेब कोण आणि माळी कोण हे कळत नव्हतं. ते पुन्हा आले. आई मुद्दाम येऊन बसली होती. कुणाचा फोटो हवा, असं तिने विचारलं, आणि साहेबांनी नाव घेतल्यावरच मी काच काढली. असं सात वर्षं चाललं. एका वर्षी ते घाईत होते आणि नाव चुकले, तर आईने त्यांना परत पाठवलं. ते दुसऱ्या दिवशी आले, आणि जिन्यावर पुटपुटत चढताना मी त्यांना ऐकलं. बंगल्यावर कपडे नेणारा धोबी सांगायचा की फोटो समोरच्या दालनात लावलाय, पाहुणे विचारतात हा कॅप्टन कोण. दादा तिथे सहा वर्षं मागच्या फाटकाने ये-जा करायचा.

मग साहेब निवृत्त होऊन त्यांच्या देशाला गेले. त्यांच्या मागोमाग काही वर्षांनी त्यांचं राज्यही गेलं, कारण राजांचं पुन्हा एकदा बिनसलं आणि या खेपेला त्यांना परवडलं नाही. मैदानातला दगड आहे तिथेच आहे, त्यावर भाजीवाली टोपली टेकवते.

साहेब गेले त्याच्या पुढच्याच वर्षी स्टुडिओच्या पत्त्यावर पाकीट आलं होतं. फोटोची ऑर्डर होती, साहेबांच्या हातची, आमच्या लिपीत, एकेक अक्षर वेगळं वेगळं काढलेलं. आई तेव्हा थकली होती, डोळे गेले होते. तिने मला वाचायला सांगितलं. एकच ओळ होती. दादाचं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि त्यापुढे, व इतर. एक प्रत.

आईने ते मला तीनदा वाचायला लावलं.